पुढचं स्प्रॉकेट बदलण्याआधी

मोटारसायकलच्या पुढच्या स्प्रॉकेटला, म्हणजे चेन फिरवणाऱ्या इंजिनाकडच्या दातेरी चाकाला, एक दात वाढवला की गाडी जास्त पळेल, हे तुझं म्हणणं अर्धं खरं आहे. समज, गाडीला पुढे 14 आणि मागच्या चाकाच्या स्प्रॉकेटला 42 दात आहेत. 42 भागिले 14, म्हणजे गुणोत्तर 3. पुढे 15 लावलंस तर ते 2.8 होतं. इंजिनाच्या त्याच फेऱ्यांवर 60 ऐवजी साधारण 64 चा वेग मिळेल, पण चाकावरची ओढ तितकीच घटेल. पणजी-मडगाव रस्त्यावर बरं वाटेल. मागे माणूस बसवून चोर्ला घाट चढताना मात्र सारखा गियर उतरवावा लागेल. शिवाय इंजिनात ताकदच नसेल तर टॉप स्पीड वाढणारही नाही.

आता लोक विसरतात ती गोष्ट. पुढे 13 मागे 39 (13/39) आणि पुढे 15 मागे 45 (15/45), दोन्हींचं गुणोत्तर 3 च. तरी मी 15/45 च घेईन. 13 दातांवर चेनची प्रत्येक कडी जवळजवळ 28 अंशांत वळते, 15 वर 24 अंशांत. वळण जास्त तितकं घर्षण आणि झीज जास्त. लहान स्प्रॉकेटवर चेन थोडी झटके देतच धावते. मोठा सेट जड असतो आणि चेन लांब लागते, तेवढं चालतं.

घेण्याआधी पुढच्या स्प्रॉकेटच्या कव्हरच्या आत जागा आहे का बघ. जुन्या चेनवर नवं स्प्रॉकेट अजिबात बसवू नकोस, दात लगेच खाल्ले जातात. आणि आपल्याकडची खारी हवा, त्यात पाऊस! जूनपासून दर आठवड्याला चेन पुसून तेल दे.