बडोद्याहून यूकेला नर्स म्हणून यायचंय, इंग्लिश ग्रामर कुठून सुरू करू?

तू विचारलंस की बीएस्सी नर्सिंग झालंय, शाळा गुजराती मीडियमची, घरी मराठी, आता सयाजीगंजमधला एक क्लास 'बेसिक टू ॲडव्हान्स ग्रामर तीन महिन्यांत' म्हणतोय तर तो लावू का, आणि यूकेला यायचं तर नेमकं किती ग्रामर यायला लागतं. मी पण दांडिया बाजारचीच गं, आता बरीच वर्षं लेस्टरला वॉर्डवर आहे, त्यामुळे जरा सविस्तरच लिहिते, चहा घेऊन बस.

आधी परीक्षा, कारण ग्रामर किती ते त्यावरच ठरतं. एनएमसी म्हणजे यूकेत नर्सची नोंदणी करणारी संस्था, तिला इंग्लिशची आयईएल्टीएस परीक्षा चालते नाहीतर ओईटी, म्हणजे खास डॉक्टर-नर्स वगैरेंसाठीची इंग्लिश परीक्षा. आयईएल्टीएसला रीडिंग, लिसनिंग, स्पीकिंगमध्ये ७ आणि रायटिंगला ६.५ पाहिजे, ओईटीला त्याच तिन्हीत बी ग्रेड आणि रायटिंगला सी प्लस. माझं स्पष्ट मत, तू ओईटी दे. आयईएल्टीएसला २५० शब्दांचा निबंध येतो, विषय कुठलाही, शहरात गाड्यांवर बंदी घालावी का असला काहीतरी. ओईटीत नर्सला केस नोट्स देतात आणि त्यावरून १८० ते २०० शब्दांचं रेफरल किंवा डिस्चार्ज लेटर लिहायचं, ४५ मिनिटं, त्यातली पहिली ५ नुसती वाचायला. स्पीकिंगला दोन रोल प्ले, तू नर्स आणि समोरचा पेशंट किंवा त्याचा नातेवाईक. म्हणजे तू रोज ड्युटीवर जे करतेस तेच, फक्त इंग्लिशमध्ये. इंग्लिशच्या ए१ ते सी२ अशा सहा पायऱ्या धरतात त्यात तुला साधारण सी१ पर्यंत पोचायचंय, तिथे वाक्य बिनचूक आणि जोडून लिहिता यावं एवढी अपेक्षा असते, अवघड शब्द वापरावेत अशी अजिबात नाही.

आता ग्रामर. बारा टेन्सचा तो तक्ता भिंतीवर लावून पाठ करू नकोस. फ्यूचर परफेक्ट कंटिन्युअस वॉर्डवर कोणी बोलत नाही. आपण मराठी-गुजराती बोलणारी माणसं इंग्लिशमध्ये सगळीकडे चुकत नाही, ठरावीक पाच-सहा जागीच चुकतो, आणि क्लासवाले सगळ्यांना एकच सिलॅबस शिकवतात म्हणून त्या जागा कच्च्याच राहतात. त्या जागा हाच तुझा सिलॅबस.

सगळ्यात मोठी जागा म्हणजे कालपासून, दहा वर्षांपासून वाली वाक्यं. मराठीत 'त्यांना दहा वर्षांपासून डायबिटीस आहे', 'आहे' म्हणून आपली माणसं सरळ लिहितात 'ही इज हॅविंग डायबिटीस सिन्स टेन इयर्स'. पाहिजे 'ही हॅज हॅड डायबिटीस फॉर टेन इयर्स'. किती काळ ते सांगायचं तर फॉर, कधीपासून ते सांगायचं तर सिन्स, म्हणजे फॉर टेन इयर्स पण सिन्स २०१५, मराठीत दोन्हीला 'पासून'च म्हणून घोळ होतो. आणि त्यातला 'हॅज' खाल्लास आणि 'ही हॅड डायबिटीस फॉर टेन इयर्स' लिहिलंस तर वाचणाऱ्याला वाटणार की होता, आता नाहीये. पेशंटच्या कागदावर हा फरक चालत नाही.

याच्या शेजारची जागा, झालंय आणि झालं. इथे मराठी आपल्याला मदत करते हे फार कमी लोक सांगतात. 'गोळी घेतलीये' म्हणजे हॅज टेकन, 'गोळी घेतली' म्हणजे टुक, हा कान आपल्याला लहानपणापासून आहे. फक्त एक काळजी घे, मराठीत 'आठ वाजता गोळी घेतलीये' असं बिनधास्त चालतं, इंग्लिशमध्ये वेळ सांगितली की हॅज गेलं, 'ही टुक इट ॲट एट'. हँडओव्हरमध्ये, म्हणजे ड्युटी बदलताना पुढच्या नर्सला पेशंटची माहिती देताना, हे इतक्यांदा लागतं की रोज तुझ्याच वॉर्डच्या तीन-चार पेशंटवर अशी जोडी वाक्यं बनवलीस तर महिन्याभरात पक्कं बसेल.

ए, ॲन, द. आपल्याकडे नाहीच ते, ना मराठीत ना गुजरातीत, त्यामुळे नियम वाचून येत नाही, आख्खा तुकडाच पाठ करावा लागतो. 'अ हिस्टरी ऑफ ॲझ्मा', 'अ सिक्स्टी-टू-इयर-ओल्ड रिटायर्ड टीचर', 'पेन इन द चेस्ट'. आणि इथल्या ब्रिटिश इंग्लिशमध्ये पेशंट 'ॲडमिटेड टू हॉस्पिटल' असतो, द नाही, पण तू कामाला 'ॲट द हॉस्पिटल'. प्रिपोझिशनचंही तसंच, सुटं शिकू नकोस, कम्प्लेन्स ऑफ, डायग्नोज्ड विथ, ॲलर्जिक टू, सफरिंग फ्रॉम, असं शब्दाला चिकटवूनच वहीत लिही. डिस्कसच्या मागे अबाउट लावायचं नाही, हे तर आपल्या बडोद्यात नव्वद टक्के लोक लावतात असं मला वाटतं.

पॅसिव्ह व्हॉइस शाळेत रामाने आंबा खाल्ला, आंबा रामाकडून खाल्ला गेला असं उलटसुलट करायला शिकवतात म्हणून त्याचा कंटाळा येतो. वॉर्डवर त्याचा खरा उपयोग बघ. पेशंट बाथरूममध्ये खाली पडलेला दिसला, पडताना कोणी पाहिलं नाही, तर 'द पेशंट फेल' असं लिहायचं नाही कारण तू ते पाहिलेलंच नाहीस, 'द पेशंट वॉज फाउंड ऑन द फ्लोअर' लिहायचं. जेवढं डोळ्यांनी पाहिलं तेवढंच. तसंच 'वॉज ॲडमिटेड', 'वॉज स्टार्टेड ऑन', 'हॅज बीन ॲडव्हाइज्ड टू', या पत्रातल्या नेहमीच्या जागा, कोणी केलं ते महत्त्वाचं नसतं, काय केलं ते असतं. एवढं पॅसिव्ह पुरे.

आता ॲडव्हान्स म्हणजे काय. माझ्या मते दोन वाक्यं एकात गुंफता येणं, बाकी फारसं काही नाही. केस नोट्समध्ये तुटक लिहिलेलं असतं, 'एकटे राहतात. बायको २०१९ ला गेली. चालताना काठी.' त्याचं तुला 'मिस्टर अमुक, हू हॅज लिव्ड अलोन सिन्स हिज वाइफ डाइड इन २०१९, वॉक्स विथ अ स्टिक' असं करता आलं पाहिजे. आपण मराठीत 'जो पेशंट... तो' असं मागून-पुढून बांधतो, इंग्लिशमध्ये हू नावाला लागून येतो आणि तो 'तो' परत म्हणायचा नाही. रोज दोन तुकड्यांचं एक वाक्य कर, मग तीन तुकड्यांचं. कंडिशनलमध्ये, म्हणजे जर-तरच्या वाक्यांत, 'इफ द पेन गेट्स वर्स, प्लीज कॉल अस' एवढं पक्कं पाहिजे, तिसरा कंडिशनल नंतर सावकाश.

बोलण्यात मात्र ग्रामरचं काम वेगळं आहे. मराठीत मान 'तुम्ही' मध्ये आहे आणि 'जरा हात पुढे करता का' मधल्या 'जरा' मध्ये. इंग्लिशमध्ये सगळ्यांना यूच, त्यामुळे तो मान कुड आणि वुडने द्यावा लागतो. 'गिव्ह मी युअर हँड' हे ग्रामरने शंभर टक्के बरोबर आहे आणि ऐकणाऱ्या आजीबाईंना हुकूम वाटतो. 'कुड यू जस्ट पुट युअर आर्म आउट फॉर मी?' म्हण. प्रश्न विचारताना 'कॅन यू टेल मी व्हेअर इज द पेन' नाही, 'व्हेअर द पेन इज'. हे तोंडात बसायला मोठ्याने बोलूनच बसतं, मोबाइलवर रेकॉर्ड कर आणि दुसऱ्या दिवशी ऐक, त्याच दिवशी चुका कानाला लागत नाहीत.

अभ्यासाला एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, वेबसाइटवर आजारांची साध्या इंग्लिशमधली पानं आहेत, फुकट. एक पान मोठ्याने वाच, बंद कर, आपल्या शब्दांत दहा ओळी लिही, मग उघडून ताडून बघ. घरी गडबड असेल तर मांडवीची सेंट्रल लायब्ररी आहेच. सयाजीरावांचंच बघ ना, कवळाण्याच्या शेतकऱ्याचा मुलगा, १८७५ ला बडोद्यात आणला तेव्हा लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि त्यांचे इंग्रज शिक्षक इलियटसाहेब यांच्या हाताखाली मराठी, गुजराती, उर्दू, इंग्लिश चारही भाषा शिकले. आपल्या गावात हे सगळ्यांना माहितीये तरी बारावीपर्यंत गुजराती मीडियम म्हणून मुली उगाच खाली मान घालतात, त्याचा मला फार राग येतो. गुजराती मीडियमने काही अडत नाही गं.

वेळेचं म्हणशील तर नोकरी सांभाळून रोज तास-दीड तास, सहा-आठ महिने धर. रिझल्ट दोनच वर्षं चालतो, म्हणून परीक्षेची घाई करून आधी देऊन ठेवू नकोस. आणि इथे पोचल्यावर इंग्लिश आपोआप सुधारेल असं समजू नकोस, लेस्टरला बेलग्रेव्ह रोडवर उतरलीस की सकाळच्या भाजीपासून संध्याकाळच्या फाफड्यापर्यंत सगळं गुजरातीत होतं, तेव्हा जे काय करायचं ते तिथेच करून ये.

क्लासचं सांगते. पैसे भरायच्या आधी एकच विचार, आठवड्याला माझी किती पत्रं तपासून देणार, आणि चुकीवर नुसती लाल रेघ मारणार की का चुकलं ते बाजूला लिहून देणार. आठवड्याला निदान दोन पत्रं नीट तपासत असतील तर लाव, नाहीतर टेन्सच्या तक्त्याला पैसे देऊ नकोस. तोपर्यंत ओईटीच्या साइटवरचा एक सॅम्पल पेपर काढ, घड्याळ लावून पत्र लिही आणि फोटो पाठव, रविवारी माझी सुट्टी असते, मी बघते.