वाचकांचे प्रश्न: गिरणीतली पोरं आणि कोर्टाने दोनदा उडवलेला कायदा

प्रश्न: जुन्या अमेरिकन सूतगिरण्यांचे फोटो बघितले, मशीनवर चढून काम करणारी लहान पोरं, काहींच्या पायात चप्पलसुद्धा नाही. आपल्याकडे १८८१ च्या फॅक्टरी कायद्यात ७ वर्षांखालच्या मुलांना कामावर बंदी होती. मग अमेरिकेला देशभर चालेल असा कायदा करायला १९३८ का उजाडलं?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर: आधी हे सांगते की १८८१ च्या कायद्याचं फार कौतुक करू नका, ७ ते १२ वर्षांच्या मुलांना दिवसाला ९ तास राबवायची मुभा त्यातच होती. अमेरिकेतही कायदे अजिबात नव्हते असं नाही, पण प्रत्येक राज्याचा वेगळा आणि दक्षिणेकडे, जिथे कापडाच्या गिरण्या वाढत होत्या, तिथे अगदीच ढिला. १९०० च्या जनगणनेत १० ते १५ वयाची साडेसतरा लाख मुलं कामावर होती.

तुम्ही बघितलेले फोटो बहुतेक लुइस हाइनचे असणार. हा न्यूयॉर्कमधला शिक्षक, नोकरी सोडून १९०८ पासून नॅशनल चाइल्ड लेबर कमिटी या बालमजुरीविरुद्ध लढणाऱ्या संस्थेसाठी फोटो काढत फिरला. मालक आत घेणार नाहीत म्हणून कधी बायबल विकणारा बनून जायचा, कधी मशीनचे फोटो काढायला आलोय सांगायचा, आणि आपल्या कोटाच्या कितव्या बटणापर्यंत पोरगं येतं ते बघून उंची लिहून घ्यायचा. जॉर्जियातल्या मेकन गावच्या गिरणीतला त्याचा १९०९ चा फोटो आहे, दोन मुलं इतकी लहान की तुटलेला धागा जोडायला आणि रिकाम्या बॉबिन (सूत गुंडाळायच्या रिळा) लावायला त्यांना चालू मशीनवर चढावं लागतंय. सोलापूरकरांना रिंगखातं, म्हणजे गिरणीतलं सूत कातायचं खातं, काय असतं ते मी वेगळं सांगायला नको.

या सगळ्यातून १९१६ ला कीटिंग-ओवेन कायदा आला. १४ वर्षांखालची मुलं जिथे कामाला आहेत त्या कारखान्याचा माल दुसऱ्या राज्यात पाठवायचा नाही, असा तो होता, कारण केंद्राच्या हातात आंतरराज्य व्यापारच होता, कारखान्यातलं काम हा राज्यांचा विषय मानला जायचा. आणि इथेच सगळं अडलं. नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लटचा रोलंड डॅगेनहार्ट नावाचा गिरणी कामगार, त्याची दोन मुलं त्याच्याच गिरणीत, त्याच्या नावाने केस झाली की मुलांच्या मजुरीवरचा माझा हक्क जातो. केसमागे पैसा आणि वकील गिरणीमालकांचे. १९१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी कायदा रद्द केला. बापाला मी दोष देणार नाही, एकट्याच्या पगारात घर चालत नव्हतं म्हणूनच तर पोरं गिरणीत होती, पण ज्यांनी ती गरज पुढे करून कोर्टात बाजी मारली त्यांना माफ करणं मला जमत नाही. धाकटा रूबेन पुढे १९२४ ला एका पत्रकाराला म्हणाला की केस जिंकून आम्हाला मिळालं काय, तर मोटारीतून फेरी आणि एक कोका-कोला, शाळा मात्र राहिली ती राहिलीच.

मग १९१९ ला सरकारने अशा कारखान्यांच्या नफ्यावर १० टक्के कर लावून बघितला, तोही १९२२ ला कोर्टाने उडवला. १९२४ ला थेट घटनादुरुस्ती काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, पास झाली, तिला ३६ राज्यांची मंजुरी हवी होती, मिळाली २८ ची. शेवटी १९३० नंतरच्या मोठ्या मंदीत मोठ्या माणसांनाच काम मिळेना तेव्हा पोरांना कामावर ठेवण्याच्या बाजूने बोलणारे कमी झाले, आणि १९३८ चा फेअर लेबर स्टँडर्ड्स ॲक्ट आला. १६ वर्षांची अट, धोक्याच्या कामाला १८. १९४१ मध्ये कोर्टाने तो एकमताने मान्य केला आणि १९१८ चा आपला निकाल चुकीचा ठरवला.

शेतीला मात्र बऱ्याच सवलती मिळाल्या. केंद्राच्या त्या कायद्यानुसार आजसुद्धा तिथे १२ वर्षांच्या मुलाला आईवडिलांच्या संमतीने शाळेच्या वेळेबाहेर दुसऱ्याच्या शेतावर कामाला ठेवता येतं.