विचारा की! : पद्मिनीच्या पोटातला ॲडमिन

प्रश्न : नमस्कार दादा, मी साताऱ्याची, पोवई नाक्याजवळ राहते, बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. कोडिंगच्या एका कम्युनिटीत अकाउंट काढायला गेले तर नाव टाकल्या टाकल्या लाल अक्षरात येतं, 'हे नाव राखीव आहे'. मला वाटलं कुणीतरी आधीच घेतलं असेल, म्हणून पुढं जन्मसाल लावलं, मग आडनाव, मग अंडरस्कोर, तरी तेच. मैत्रिणीचं नाव मात्र एका झटक्यात घेतलं. माझ्याच नावात काय घोडं अडलंय? – पद्मिनी

उत्तर : अगं पद्मिनी, तुझं नाव इंग्लिशमध्ये कागदावर लिही. पी ए डी एम आय एन आय. आता एका बोटानं पहिला पी झाक, दुसऱ्यानं शेवटचा आय. काय उरलं? ॲडमिन! (आमच्या पिढीला पद्मिनी म्हटलं की मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी आठवते, तिच्या पोटात ॲडमिन बसलाय हे मलाही तुझ्या पत्रामुळंच कळलं.)

होतं काय, बहुतेक साइटकडं कुणालाच द्यायची नाहीत अशा नावांची एक यादी असते. ॲडमिन, मॉडरेटर, सपोर्ट, रूट (म्हणजे सिस्टीमचा सर्वेसर्वा) वगैरे. उद्या कुणी 'सपोर्ट' नावानं खातं काढलं आणि नवख्या पोराला मेसेज टाकला की पासवर्ड पाठव, तर ते पोरगं पाठवणारच की. आणि ही नुसती भीती नाही बरं का, २०१५ साली फिनलंडमधल्या एका माणसानं मायक्रोसॉफ्टच्या लाइव्ह डॉट एफआय या ईमेल सेवेवर सहज 'होस्टमास्टर' नावाचा पत्ता मागून बघितला, तो चक्क मिळाला, आणि त्या पत्त्याच्या जोरावर त्याला त्या अख्ख्या डोमेनचं (म्हणजे लाइव्ह डॉट एफआय या पत्त्याचं) सर्टिफिकेटच, म्हणजे ब्राउझरला 'ही साइट खरी' असं पटवणारा दाखलाच मिळाला, कारण सर्टिफिकेट देणारे मालकाची खात्री करायला ॲडमिन, वेबमास्टर, होस्टमास्टर, पोस्टमास्टर असल्या ठरावीक पत्त्यांवर मेल टाकतात. ते सर्टिफिकेट मानू नका, असं शेवटी मायक्रोसॉफ्टला विंडोजला शिकवावं लागलं.

तेव्हा यादी पाहिजेच. माझं भांडण आहे ते तपासायच्या पद्धतीशी. अख्खं नाव ॲडमिन आहे का ते बघायचं सोडून, ती पाच अक्षरं नावात कुठंही दिसली की घाल बाहेर, असं कुणीतरी एका ओळीत कोड लिहून मोकळं झालंय. मग प्रमोद आणि मोडक दोघंही 'मॉड' (मॉडरेटरचं लाडकं नाव) म्हणून अडकणार, कपिलच्या पोटात तर एपीआय (प्रोग्रामनी एकमेकांशी बोलायची खिडकी, हाही राखीव शब्द) आहे! जुनं दुखणं आहे हे. १९९६ मध्ये इंग्लंडमधल्या स्कनथॉर्प गावच्या लोकांना एओएल या अमेरिकन इंटरनेट कंपनीकडं खातंच काढता येईना, कारण गावाच्या इंग्लिश स्पेलिंगमध्ये एक शिवी बसते. या भानगडीला आजही त्या गावाचंच नाव चिकटलंय, बिचारं गाव.

तू त्यांना मेल टाक, स्क्रीनशॉट जोड, आणि वर सांगितलेली झाकाझाकी दोन ओळीत लिही, लगेच डोक्यात शिरेल. तोवर आडनाव आधी घेऊन पुढं नुसतं पी लाव. पण आयच्या जागी एक आकडा घालून फसवायला जाऊ नकोस, तोतये लोक हेच करतात, उगाच संशयात येशील.

प्रश्न : सर, आम्ही सांगलीत विश्रामबागला राहणाऱ्या चार मित्रांनी कोडची देवाणघेवाण करायला छोटी साइट केली. साइटच्या पत्त्यापुढं तिरकी रेघ आणि नाव टाकलं की त्याची प्रोफाइल उघडते. एकानं मस्करीत 'लॉगिन' हेच नाव घेतलं आणि आता लॉगिनच्या पानावर त्याचा फोटो येतोय, कुणालाच आत जाता येईना. – एक वाचक

उत्तर : हसू आवरेना राव! कुणी बंगल्याला 'सांगली एसटी स्टँड' नाव दिलं तर रिक्षावाला पाहुण्यांना कुठं सोडणार, तसं झालंय हे. तुमच्या कोडमध्ये प्रोफाइलचा राउट (कुठल्या पत्त्याला कुठलं पान उघडायचं तो नियम) लॉगिनच्या राउटच्या आधी लिहिलाय. खालीवर करा, लॉगिन उघडेल, पण मग त्या मित्राची प्रोफाइल कधीच उघडणार नाही. गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर सुद्धा पत्त्यापुढं थेट नाव येतं, म्हणून तिथं 'सेटिंग्ज' नावाचा माणूस होऊ शकत नाही, ते त्यांचं स्वतःचं पान आहे. तुम्ही तर अजून लहान आहात, आत्ताच नावाच्या आधी ॲटचं चिन्ह लावा, म्हणजे माणसं एका गल्लीत आणि साइटची पानं दुसऱ्या गल्लीत, उद्या 'हेल्प' किंवा 'न्यू' नावाचं पान काढलं तरी कुणाला धक्का नाही. सपोर्ट-ॲडमिनची यादी तरी ठेवावीच लागेल, ती सगळी अक्षरं स्मॉल करून तपासा, आणि पूर्ण नाव जुळलं तरच अडवा, साताऱ्याच्या पद्मिनीची आठवण ठेवून.

त्या मित्राला नाव बदलायला लावाल तेव्हा भडंगाचं एक पाकीट द्या, फुकटात टेस्टिंग करून दिलंय त्यानं.