भाचीला मानद सचिवांच्या शुभेच्छा

प्रश्न : माझी तीन मेल खाती मी मट या मेल वाचण्या-लिहिण्याच्या प्रोग्रॅममध्ये बघतो. एक जीमेल, एक सोसायटीचं आणि एक जिथे अर्धवेळ हिशेब लिहितो तिथलं. सोसायटीच्या खात्यासाठी फोल्डर-हूक लिहिलाय. परवा सोसायटीचे मेल बघून झाल्यावर माझ्या इनबॉक्समध्ये आलो आणि भाचीला वाढदिवसाच्या शुभेच्छा धाडल्या. गेल्या सोसायटीच्या पत्त्यावरून, खाली सही ‘मानद सचिव’! तिचं उत्तर : ‘मामा, माझा मेंटेनन्स थकलाय का?’ खातं आपोआप का बदललं नाही?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : भाचीला माझा नमस्कार सांगा.

हूक म्हणजे ‘या फोल्डरमध्ये शिरलास की एवढं कर’ असा निरोप. बाहेर पडताना सगळं पहिल्यासारखं कर, हे त्यात कुठेच येत नाही. तुम्ही सोसायटीत शिरलात, पत्ता आणि सही बदलली. स्वतःच्या इनबॉक्ससाठी तुम्ही हूकच लिहिला नाही, मग सचिवांची टोपी उतरवणार कोण?

तेव्हा तिन्ही खात्यांना हूक लिहा आणि प्रत्येकाच्या सेटिंगची वेगळी फाइल करा. तिन्ही फाइलींत तेच मुद्दे हवेत : फ्रॉम (पाठवणाऱ्याचा पत्ता), रिअलनेम (नाव), सिग्नेचर (सही), रेकॉर्ड (गेलेल्या मेलची प्रत कुठे ठेवायची), पोस्टपोन्ड (अर्धवट मेल कुठे ठेवायचे). भाचीला सही नको असेल तर ती ओळ गाळून भागणार नाही, ‘अनसेट सिग्नेचर’ असं लिहावंच लागतं. (कॉन्फिगमध्ये, म्हणजे सेटिंगच्या फाइलींत, हे सगळं अर्थातच रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत.) शिवाय सगळ्या हूकांच्या वर नुसत्या टिंबाचा एक हूक ठेवा. टिंब कुठल्याही फोल्डरला लागू पडतं, म्हणून तो तुमचा मूळ पोशाख. वरच का, तर मट जुळणारे सगळे हूक लिहिलेल्या क्रमाने चालवतं. मी तो एकदा तळाशी लिहिला आणि दादरला घरी बसून आठवडाभर डोकं खाजवत होते, की काहीच कसं बदलत नाही.

जीमेलच्या फाइलीत ‘अनसेट रेकॉर्ड’ करा. त्यांच्या सर्व्हरवरून गेलेल्या मेलची प्रत ते स्वतःच ठेवतात, तुम्हीही ठेवलीत तर प्रत्येक मेल दोनदा दिसेल.

उत्तरं देताना आणखी एक सोय आहे. ‘ऑल्टरनेट्स’मध्ये आपले तिन्ही पत्ते द्या आणि ‘रिव्हर्स नेम’ चालू करा. मग ज्या पत्त्यावर मेल आला त्याच पत्त्यावरून उत्तर जातं, तुम्ही कुठल्याही फोल्डरमध्ये असा.

खरी मेख इथे आहे, आणि ती मला महागात पडली. फ्रॉमची ओळ बदलली म्हणून मेल नेणारा सर्व्हर बदलत नाही. मी कामाच्या पत्त्यावरून प्रूफं पाठवली, पडद्यावर पत्ता बरोबर होता, पण समोरच्याला दिसलं माझं घरचं जीमेल. मेल जीमेलच्या सर्व्हरवरून गेला होता, आणि तिथे नोंदवून पडताळलेला नसलेला पत्ता दिसला की ते आपलाच पत्ता डकवतात. यावर उपाय एमएसएमटीपी, म्हणजे मेल सर्व्हरकडे पोचवणारा एक छोटा प्रोग्रॅम. त्यात तिन्ही खाती, प्रत्येकाचा फ्रॉम पत्ता आणि सर्व्हर लिहा. मटमध्ये ‘सेंडमेल’ला एमएसएमटीपी द्या आणि ‘यूज एन्व्हलप फ्रॉम’ चालू करा. मग एमएसएमटीपी पत्ता बघून खातं निवडतं. जीमेलचा नेहमीचा पासवर्ड तिथे चालणार नाही, 30 मे 2022 पासून ती वाट बंद आहे. दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून 16 अक्षरांचा ॲप पासवर्ड घ्या.

आणि मेल पाठवायला ‘वाय’ दाबण्याआधी नजर वरच्या फ्रॉम ओळीवर टाका. चुकलेला दिसला तर एस्केप आणि मग ‘एफ’, तिथल्या तिथे बदलता येतो. सोसायटीच्या थकबाकीची नोटीस पाठवताना तर दोनदा बघा, ती घरच्या पत्त्यावरून गेली तर जिन्यात गाठून भांडायला लोक तयारच असतात.