उसात गवा शिरला, तर भूल का देत नाहीत?

प्रश्न : आमच्या उसात गवा शिरला. वनखात्याची माणसं चार तास नुसती उभी! भुलीचं इंजेक्शन का मारलं नाही?
– एक वाचक, राधानगरी तालुका

उत्तर : सिनेमात डार्ट (बंदुकीतून मारलेली भुलीची सुई) लागताच जनावर कोसळतं. खरं म्हणजे औषध चढायला आठ-दहा मिनिटं जातात, तेवढ्यात बिथरलेला गवा विहिरीतही पडेल. शिवाय हजारेक किलोच्या नराचं वजन नजरेनंच अजमावायचं. त्यात तो रवंथ करणारा. कुशीवर आडवा पडला की पोट फुगतं, पोटातलं घशाशी येऊन श्वासनलिकेत जातं. म्हणून आधी त्याला छातीवर बसवायचं, मान उंच, नाकपुड्या खाली, म्हणजे लाळ बाहेर गळते. डोळ्यांवर फडकं. ताप ४१ अंश सेल्सिअसपुढे गेला की अंगावर पाणी, आणि झायलाझिन हे भुलीचं औषध दिलं असेल तर योहिम्बिनचा उतारा.

पण खरा घात पळवण्यानं होतो. दमलेले स्नायू आतून फुटतात. कधी जनावर दोन-चार दिवसांनी दगावतं. डिसेंबर २०२० मध्ये पुण्यात कोथरूडला शिरलेला गवा गर्दीपुढे जिवाच्या आकांतानं धावला आणि पकडल्यावर मेला. तुमच्याकडची माणसं उभी राहिली ते उत्तमच. अंधारात गवा बहुधा आपणहून रानात परततो. पुढच्या खेपेला बांधावरच्या मोबाईलवाल्यांना तेवढं हटवा.