वाचकांचे प्रश्न : एका डेमीजॉनएवढी जागा

गेल्या अंकात मी घरी केलेल्या बियरचा ओझरता उल्लेख केला होता. त्यावर बरीच पत्रं आली. बहुतेक सगळ्यांची अडचण एकच आहे, ती म्हणजे जागा. त्यातली चार पत्रं इथे घेते आहे.

हॅरोहून एक वाचक लिहितात : ताई, आम्ही दोघं आणि आमची सहा वर्षांची मुलगी एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राहतो. घरी बियर करायची मला फार हौस आहे, पण दुकानात पाहावं ते किट २३ लिटरचं. बायको म्हणते, एवढा ड्रम घरात येणार नाही. आणि यातून जो वायू निघतो, तो लहान मुलीच्या घरात चालेल का?

वहिनींचं म्हणणं अगदी बरोबर आहे. २३ लिटर म्हणजे चाळीस पाइंट. तेवढं उकळायला तीस लिटरचं पातेलं लागतं, घरातल्या शेगडीवर त्याला नीट कढ येत नाही, आणि बियर चांगली झाली नाही तरी चाळीस पाइंट संपवायचे असतात. मी लंडनमध्ये वॉल्थमस्टोला दुसऱ्या मजल्यावर राहते. माझ्या स्वयंपाकघरात दोन माणसं एका वेळी उभी राहू शकत नाहीत. मी साडेचार लिटरचा काचेचा डेमीजॉन, म्हणजे अरुंद तोंडाची मोठी बाटली, वापरते. तो कपाटात खाली, हिवाळी कोटांच्या मागे मावतो. जागा नाही म्हणून केलेली ही तडजोड आहे असं कृपा करून समजू नका. कमी बियर पटकन तापते, पटकन निवते, एकटीला उचलता येते, आणि दर वेळी वेगळं काही करून पाहता येतं. मला उद्या मोठं घर मिळालं तरी मी एवढीच करेन.

पहिल्या खेपेला साधी इंग्लिश पेल एल, म्हणजे फिकट रंगाची बियर, करा. तिला माल्ट लागतो, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव. दळलेला पेल माल्ट ९०० ग्रॅम आणि क्रिस्टल माल्ट १०० ग्रॅम घ्या. पेल माल्टमध्ये मॅरिस ऑटर मिळाला तर उत्तम. जवाची ही जात १९६०च्या दशकात केंब्रिजला तयार झाली आणि तिची चव भरीव असते. दहा लिटरच्या पातेल्यात साडेसहा लिटर पाणी ७० अंशांपर्यंत तापवा. माल्ट मलमलच्या मोठ्या पिशवीत घालून त्यात सोडा आणि गुठळ्या मोडा. तापमान ६६-६७ अंशांवर येईल. आता झाकण लावा, पातेलं जाड टॉवेलात गुंडाळा आणि तासभर हात लावू नका. या तासात माल्टमधलेच एन्झाइम्स स्टार्चची साखर करतात. ६२-६३ अंशांवर ठेवलं तर बियर कोरडी होते, ७० च्या आसपास ठेवलं तर अंगाने जड आणि किंचित गोडसर होते. म्हणून इथे अंदाज नको, थर्मामीटर हवाच.

मग पिशवी उचलून चाळणीवर निथळू द्या, दाबून घ्या, आणि उरलेला गोड रस तासभर उकळा. कढ आला की ईस्ट केंट गोल्डिंग्ज जातीचे १० ग्रॅम हॉप्स, म्हणजे एका वेलीची वाळवलेली फुलं, घाला, त्यांनी कडूपणा येतो. आच बंद करताना आणखी ५ ग्रॅम घाला, ते वासासाठी. पहिला कढ येताना पातेल्यापासून हलू नका. फेस भराभर वर चढतो आणि उतू गेलेला माल्ट शेगडीवरून खरवडून काढावा लागतो.

निववायला सिंकमध्ये गार पाणी आणि बर्फ भरून पातेलं त्यात ठेवा. अर्ध्या तासात २० अंशांवर येतं. २३ लिटरवाल्यांना यासाठी तांब्याची गुंडाळी आणि नळाचं भरमसाट पाणी लागतं. आपल्याला काहीच लागत नाही. गरम रस मात्र डेमीजॉनमध्ये कधीही ओतू नका, काच तडकते. निवलेला रस वरून धार धरून ओता, म्हणजे त्यात हवा मिसळते. यीस्टला सुरुवातीला ती लागते. ११ ग्रॅमची यीस्टची पुडी २० लिटरच्या आसपास रसासाठी असते. तुम्हाला ३-४ ग्रॅम पुरे, ते रसात टाका आणि डेमीजॉनला एअरलॉकचं बूच लावा. एअरलॉकमधल्या पाण्यातून आतला वायू बुडबुड्यांनी बाहेर पडतो. बाकीची घट्ट बंद करून फ्रिजमध्ये ठेवा आणि लवकर वापरा.

रस निवला की पुढे जे जे त्याला लागेल, म्हणजे डेमीजॉन, नरसाळं, नळी, बूच, अगदी तुमचा चमचासुद्धा, निर्जंतुक हवं. होमब्रूच्या दुकानात न धुता चालणारं द्रावण मिळतं, तेच घ्या. पैसे वाचवायचे असतील तर बाकी कशातही वाचवा, यात नको.

आता वायूचं. चार लिटर बियर आंबताना साधारण ८० लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, आणि तो आठवडाभरात, थोडा थोडा. रोजच्या वापरातल्या, हवा खेळती असलेल्या घरात त्याची काळजी नको. जिथे कोणी झोपतं त्या खोलीत मात्र मी डेमीजॉन ठेवत नाही. मोठी काळजी आहे ती वाफेची. त्या तासाभराच्या उकळण्यात लिटर-दीड लिटर पाणी हवेत जातं. लंडनच्या छोट्या फ्लॅटमध्ये ते थेट खिडकीच्या काचेवर आणि भिंतीच्या कोपऱ्यात बसतं आणि काळी बुरशी धरते. पंखा लावा, खिडकी उघडा, स्वयंपाकघराचं दार बंद ठेवा.

उरलेला चोथा फेकू नका. ओव्हनमध्ये मंद आचेवर कडकडीत वाळवून मिक्सरमधून काढा आणि थालिपिठाच्या भाजणीत चार वाट्यांना अर्धी वाटी घाला. टरफलं असतात, म्हणून त्याहून जास्त नको. उकळलेल्या हॉप्सचा गाळ मात्र सिंकमध्ये ओतू नका, नळी तुंबते. आणि घरी कुत्रा असेल तर हॉप्स त्याच्या तोंडी लागणार नाहीत हे डोळ्यांत तेल घालून पाहा. कुत्र्याला ते विषासारखे बाधतात, ताप जिवावर बेतेल इतका चढतो.

लंडनमधल्याच क्रॉयडनहून एक वाचक विचारतात : आमची बिल्डिंग नवी आहे. उन्हाळ्यात घर २७-२८ अंशांच्या खाली येतच नाही. जुलैमध्ये केलेल्या बियरला नेलपॉलिशसारखा वास आला. शिवाय एका खेपेला बँडेजपट्टीसारखाही वास आला होता. माझं काय चुकतंय?

पहिला वास उष्णतेचा. नेहमीच्या एल यीस्टला १८ ते २० अंश मानवतात. शिवाय आंबण्याच्या क्रियेतच उष्णता निर्माण होते, त्यामुळे डेमीजॉनच्या आत खोलीपेक्षा दोन-तीन अंश जास्तच असतात. पहिले तीन दिवस सांभाळले की बरंचसं काम झालं.

आपल्याकडचा माठ ज्या तत्त्वावर पाणी गार करतो, तेच इथे वापरा. टबात चार बोटं पाणी घ्या, त्यात डेमीजॉन ठेवा, भोवती ओला पंचा असा गुंडाळा की त्याचं टोक पाण्यात बुडालेलं राहील, आणि समोर छोटा टेबलफॅन लावा. तीन-चार अंश सहज उतरतात. उकाडा फारच असेल तर क्वाइक यीस्ट घ्या. पश्चिम नॉर्वेतल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्पिढ्या जपलेलं हे यीस्ट ३० अंशांच्या वरही स्वच्छ चवीची बियर देतं. लागर प्रकारच्या बियरच्या नादी मात्र फ्रिज मोकळा असल्याशिवाय लागू नका, तिला १० ते १२ अंश लागतात.

बँडेजचा वास नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनचा. माल्टमधल्या द्रव्यांशी त्याचा संयोग झाला की हा वास येतो आणि तो कशानेही जात नाही. सुरुवातीलाच पाण्यात कॅम्पडेन टॅब्लेटचा पाव तुकडा चुरून टाका, काही मिनिटांत काम होतं. लंडनचं पाणी खडूच्या थरांतून येतं, म्हणून जड असतं. पोर्टर आणि स्टाउटसारख्या काळ्या बियरना ते छान मानवतं, कारण भाजलेल्या माल्टचा आंबटपणा त्यातला क्षार सांभाळून घेतो. तुम्ही पुढची खेप पोर्टरची करून पाहाच.

मँचेस्टरहून एक विद्यार्थिनी लिहिते : ताई, पाचव्या दिवशी बुडबुडे थांबले म्हणून बियर बाटल्यांत भरली. काल रात्री दोन बाटल्या फुटल्या. बाकीच्या पाच खोक्यात आहेत. मी काय करू?

आधी ते खोकं बंद कर आणि वर जाड टॉवेल टाक. उघड्या हातांनी बाटलीला शिवू नकोस. डोळ्यांवर गॉगल, हातात जाड हातमोजे, अंगात पूर्ण बाह्यांचा जाड कोट, मगच एकेक बाटली टॉवेलात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेव. फ्रिज शेअर करत असशील तर घरातल्या सगळ्यांना सांग. गारठ्याने आतला दाब उतरतो. दुसऱ्या दिवशी तोच सगळा जामानिमा करून, टॉवेलातच धरून, सिंकवर बूच हळूहळू सैल कर आणि बियर ओतून दे. ती वाचवायचा मोह नको, बाळा.

बुडबुडे थांबणं म्हणजे आंबणं संपणं नव्हे. खोली गार झाली तरी बुडबुडे थांबतात, बुचातून वायू निसटत असला तरी थांबतात. खरं काय ते हायड्रोमीटर सांगतो. तो पाण्याच्या तुलनेत रस किती दाट आहे, म्हणजे त्यात किती साखर उरली आहे, ते मोजतो. तुझा रस सुरुवातीला १.०४७ असेल तर बियर १.०१० च्या आसपास उतरायला हवी. दोन दिवसांच्या अंतराने मोजून आकडा तोच आला, तरच बाटली. यातून अल्कोहोलही कळतं. दोन आकड्यांतला फरक १३१ ने गुणायचा, म्हणजे इथे जवळजवळ पाच टक्के.

बाटलीत फेस यावा म्हणून आपण लिटरला ६ ग्रॅम साखर घालतो. तुझी बियर १.०२० वर अडलेली असेल, तर लिटरमागे वीस ग्रॅमहून जास्त साखर आतच शिल्लक होती. म्हणजे हवी त्याच्या तिपटीहून जास्त, आणि वर तू घातलेली वेगळी. काच ते कसं सोसणार? पुढच्या वेळी पूर्ण दोन आठवडे थांब. चार लिटरला २४ ग्रॅम साखर थोड्या पाण्यात उकळून निवव, सगळ्या बियरमध्ये अलगद मिसळ आणि मग बाटल्या भर. बाटलीत चमच्याने साखर घातली की एकीत जास्त, एकीत कमी होते. पहिल्या काही खेपांना फिझी पेयांच्या प्लास्टिकच्या बाटल्या वापर. दाबून पाहिलं की आत किती वायू झालाय ते हाताला कळतं. फक्त त्या उजेडात ठेवू नकोस, हॉप्सला उजेड लागला की बियरला घाण वास येतो.

पुण्याहून एक आई विचारतात : मुलगा लंडनला शिकून परत आला. तिथे तो घरी बियर करायचा. आता कोथरूडच्या फ्लॅटमध्ये सुरू करतो म्हणतो. करू द्यावं का?

नाही. ब्रिटनमध्ये घरी बियर करायला १८८० च्या कायद्याने परवाना लागायचा. १९६३ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी ती अट काढली, म्हणून इथे आम्ही स्वतःपुरती करू शकतो. विकता मात्र येत नाही, आणि दारू गाळणं तर इथेही गुन्हाच. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी अधिनियम लागू आहे. परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा त्याखाली गुन्हा आहे, आणि ते घरात केलं, थोडं केलं, स्वतःसाठी केलं म्हणून सुटका नाही. मुलाला हे स्पष्ट सांगा.

त्याची हौस खरी असेल तर पुण्यात परवानाधारक मायक्रोब्रुअरी आहेत. तिथल्या ब्रूअरला भेटून काम शिकता येईल का, ते त्याने विचारावं. घरी करायचंच असेल तर हॉप्सचं पाणी करू दे. लिटरभर गरम पाण्यात २-३ ग्रॅम हॉप्स दहा-पंधरा मिनिटं ठेवायचे, गाळायचे, लिंबू पिळायचं, फ्रिजमध्ये गार करायचं आणि सोडा घालून प्यायचं. यात यीस्ट नाही, साखर नाही, म्हणून अल्कोहोलही नाही. तुम्हीही घ्या एक ग्लास. कडवट लागेल, पण उन्हाळ्यात बरं वाटतं.