आधी वही दाखव

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. नैरोबीत चार महिने झाले, छोटे धंदे करणाऱ्या बारा जणांची तुकडी, आठवड्याला दोन वर्कशॉप, सगळे वेळेवर येतात (हे मात्र मला पटत नाही, मटाटूने, म्हणजे तिथल्या मिनीबसने, येणारा माणूस नैरोबीत वेळेवर पोचल्याचं मी पाहिलेलं नाही), सगळे माना डोलावत ‘सावा सावा’, म्हणजे ठीक ठीक, म्हणतात, आणि तरी एकाचाही धंदा जागचा हलत नाही. तिघं तर तुझं सर्टिफिकेट घेऊन पुढच्या ट्रेनिंगचा अर्ज भरायला लागलेत. आणि तू मला विचारतेस, काका, कोणतं मॉड्यूल बदलू?

मॉड्यूल कसलं बदलतेस! वह्या बघितल्यास का त्यांच्या?

एवढ्या मोठ्या पत्रात वही हा शब्द एकदाही नाही. पिच डेक आहे, इम्पॅक्ट आहे, ‘इकोसिस्टम’ तर ओळीआड आहे. मुकुरू झोपडपट्टीतला तो मुलगा कोळशाच्या चुऱ्याच्या ब्रिकेट, म्हणजे जळणाच्या वड्या, करतो, त्याने किती झाडं वाचतील हे तू लिहिलंस. परवाच्या शनिवारी त्याच्या किती गोण्या गेल्या? कितीला गेल्या? उधारीवर किती? हे तुला माहीत नाही, आणि मला भीती वाटते की त्यालाही माहीत नाही.

स्वाहिलीत वहीला ‘दफ्तारी’ म्हणतात. आपलं दफ्तर आणि ते दफ्तारी एकाच घरचे. मी तिथे शिकवायचो तेव्हा पोरं मला मागून ‘म्झे वा दफ्तारी’ म्हणायची, म्हणजे वहीवाला म्हातारा. त्यात कौतुक किती आणि कंटाळा किती हे मी कधी विचारलं नाही. पण म्झे या शब्दात एक अडचण आहे, ती तुला आता टोचते आहे. तिथे वडीलधाऱ्याच्या तोंडावर कोणी नाही म्हणत नाही. तू वयाने लहान असलीस तरी फळ्यापाशी उभी राहिलीस की ‘म्वालिमू’ होतेस, आणि मास्तरीणबाईंनाही कोणी नाही म्हणत नाही. तेव्हा ‘सावा’ म्हणजे ‘पटलं’ असं धरू नकोस. ‘ऐकू आलं’ एवढंच धर. माणूस तुला बरं वाटावं म्हणून मान डोलावेल, वहीतली बेरीज तुझी भीड ठेवणार नाही.

तू म्हणशील, त्यांच्याकडे वह्याच नाहीत. आहेत. फोनमध्ये आहेत. 2007 साली एम-पेसा, म्हणजे फोनवरून पैसे पाठवायची सोय, आलं, तेव्हापासून तिथे आलेल्या-गेलेल्या शिलिंगाचा मेसेज येतो. शेजारी बस, तीन महिने मागे जा, आणि शंभर पानी साध्या वहीत एकेक मेसेज उतरवून काढायला लाव. लॅपटॉप बंद. हाताने. एक दुपार जाईल, कंटाळा येईल, आणि मग दिसायला लागेल: चुऱ्याच्या गोण्या, घरभाडं, धाकट्या बहिणीची फी, गावाकडे पाठवलेले पैसे, चामाचा हप्ता, सगळं एकाच नंबरवरून, एकाच रांगेत. चामा म्हणजे आपली भिशी. भिशीचा हप्ता बुडवणं ही जशी आपल्याकडे अब्रूची गोष्ट, तशीच तिथेही, आणि त्यात चूक काही नाही. पण भांडवलातून चामा भरला तर तो खर्च कुठेतरी लिहिलेला हवा. धंद्यासाठी ‘लिपा ना एम-पेसा’चा वेगळा टिल नंबर, म्हणजे गिऱ्हाइकांनी पैसे भरायचा दुकानाचा नंबर, घ्यायला लाव, पहिल्याच आठवड्यात. माझ्या मते पहिल्या महिन्याचं ट्रेनिंग तेवढंच. बाकीच्या स्लाइड्स चहाबरोबर दाखव हव्या तर.

मग जमेच्या बाजूवर बोट ठेव आणि विचार: ही नावं कोणाची? गिऱ्हाइकाची की देणगीदाराची?

हा प्रश्न मी उगाच धरून बसलेलो नाही. प्लेपंप आठवतो का? तू तेव्हा शाळेत असशील. मुलांनी गोल चक्रावर खेळायचं आणि खालून पाणी उपसलं जायचं. 2006 साली अमेरिकेत मोठा समारंभ झाला, 2010 पर्यंत आफ्रिकेत चार हजार पंप बसवणार म्हणाले. मुलं थोडा वेळ खेळायची आणि दमायची, मग बायाच वाकून ते चक्र हाताने ओढायच्या. साधा हातपंप बरा होता, असं म्हणायची वेळ आली. 2010 यायच्या आत मोहीम आवरती घेतली. वहीत जमेला दाते होते. पाणी भरणाऱ्या बाईचं नाव कुठल्याच पानावर नव्हतं, म्हणून तिला कोणी विचारलंही नाही.

आणि याच्या उलट नैरोबीतल्या कामुकुंजीला जाऊन बघ, पत्रे ठोकण्याच्या आवाजात. मधे चिमटलेली, आतून भाजक्या मातीचं अस्तर असलेली ती जिको शेगडी. ऐंशीच्या दशकात आली, कोळसा कमी लागतो म्हणून घरोघर गेली, आणि ‘जुआ काली’वाले, म्हणजे उन्हात बसून काम करणारे कारागीर, ती आजही स्वतःच्या नफ्यासाठी करतात. एम-कोपा कंपनीने 2012 मध्ये सोलर दिवे हप्त्यावर द्यायला सुरुवात केली, आणि लोक रॉकेलवर रोज जेवढे घालवत होते साधारण तेवढाच रोजचा हप्ता ठेवला. म्हणजे त्यांनी गिऱ्हाइकाचीही वही बघितली होती. तुझ्या ब्रिकेटवाल्याला सांग, मुकुरूतली बाई दिवसाला कोळशाच्या किती डब्यांना किती मोजते ते आधी लिहून आण. झाडं नंतर मोजू.

आता माझं सांगतो. सांगायचं नव्हतं.

केनियातल्या मकुएनीची एक मुलगी होती. तो भाग आंब्याचा. 2014 साली फळमाशीपायी युरोपने आपला हापूस अडवला, त्याच वर्षी केनियाने स्वतःहून तिकडची निर्यात थांबवली. आपली बंदी काही महिन्यांत उठली, त्यांची कित्येक वर्षं चालली. ऐन हंगामात झाडाखाली आंब्याचा सडा आणि दलाल सांगेल तो भाव. ही मुलगी आंबा वाळवून विकायची. बोलायला अशी की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं. मी तिचं भाषण घासूनपुसून दिलं. सहा मिनिटांचं चार मिनिटांत बसवलं. स्पर्धेत बक्षीस मिळालं, तिने मोठा ड्रायर घेतला, फोटोत मी तिच्या शेजारी उभा आहे, छाती फुगवून.

वही मी बघितली नव्हती.

दहाएक किलो आंब्याचा एक किलो वाळलेला माल होतो. कोय आणि सालीचं वजन तिने धरलं नव्हतं. भाऊ रात्रंदिवस राबायचा, त्याची मजुरी शून्य. पाकीट विकलं की दर वेळी तोटा, आणि ड्रायर मोठा झाल्यावर तोटाही मोठा. त्यात नैरोबीतल्या दुकानाने पैसे थकवले. मावशीच्या मुलांच्या फीचे पैसे त्यात होते, हे मला सगळं बुडाल्यावर कळलं. दोन पानं उलटली असती तर मला ते बक्षिसाच्या आधी दिसलं असतं. हिशोब मला येत नव्हता असं नाही. भाषण सुधारण्यात मजा येत होती, हे खरं कारण.

त्यानंतर मी हट्टी झालो. पहिल्या भेटीतच वही मागायला लागलो. कार्यक्रम चालवणाऱ्यांनी तक्रार केली की हा माणूस पोरांना घाबरवतो. दोघं सोडून गेले, त्यातल्या एकाचा धंदा पुढे चांगला चालला असं ऐकलं. चालू दे. मला नाही वाटत मी चुकलो. एखाद्याला हिशोब दाखवायची लाज वाटत असेल तर ती माझ्यापुढे वाटलेली बरी, सावकारापुढे वाटण्यापेक्षा. कदाचित जरा हळू विचारायला हवं होतं. ते तू कर, तुला जमेल. मला जमलं नाही.

तुझा दुसरा प्रश्न, भारतीय माणसाने तिथे जाऊन शिकवावं का. हा प्रश्न पडला हे बरं झालं. तिथे दुकानाला ‘दुका’ म्हणतात, तोही आपल्या दुकानाच्याच घरचा. मुहिंदी, म्हणजे भारतीय, म्हटलं की दुकान, गल्ला, हिशोब. आणि ही बोचही मी ऐकली आहे की मुहिंदीने वीस वर्षं राबवून घेतलं, पण वही कधी दाखवली नाही. म्हणून पुढे पुढे मी एक केलं. माझा भोसरीतला वर्कशॉप बंद पडला, त्या वर्षाच्या खातेवहीच्या झेरॉक्स नेल्या आणि पहिल्या दिवशी टेबलावर पसरल्या. ऑर्डरी भरपूर, वसुली नाही, आणि शेवटच्या पानावर बायकोच्या पाटल्या. पाटल्या म्हणजे काय हे समजावायला वेळ लागला. मग एक जण उठला आणि त्याने स्वतःचा फोन माझ्या पुढ्यात ठेवला. तेव्हा तुझी वही आधी उघड. तुझ्याकडे बुडालेला धंदा नसेल तर महिन्याचा घरखर्च दाखव, उबरवर किती उडवतेस त्यासकट.

आणि तुमच्या कार्यक्रमाची वहीसुद्धा. तिथे जमेला कोण आहे? देणगीदार. म्हणजे तुझे गिऱ्हाईक ती बारा पोरं नाहीत, आणि त्यांना ते केव्हाच कळलंय. सर्टिफिकेट घेऊन पुढच्या दारात जाणाऱ्या तिघांवर चिडू नकोस. त्यांनी तुमचा हिशोब बरोबर ओळखला.

आंब्यावाली मुलगी मला दोन वर्षांपूर्वी भेटली. मकुएनीतल्या वोटे गावात एम-पेसाची टपरी चालवते, हिरव्या रंगाची. मी पैसे काढायला गेलो, ओळख द्यावी की नाही या विचारात. तिने लगेच ओळखलं, हसली, आणि जाड रजिस्टर पुढे सरकवलं. नाव, ओळखपत्राचा नंबर, रक्कम, सही. मी रकमेत एक शून्य विसरलो होतो. तिने पेन परत माझ्या हातात दिलं.

रविवारपर्यंत ब्रिकेटवाल्याच्या पहिल्या तीन पानांचा फोटो पाठव. अक्षर वाईट असलं तरी चालेल.

तुझा,
काका